आधी काटा रिकामा होऊ द्यावा

१

तो आवाज बाबांनी पहिल्यांदा ऐकला, त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. लेक तेव्हा रांगत होती, एवढं मात्र त्यांना पक्कं आठवतं.

टक्. मग जरा थांबून, पुन्हा टक्.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. बाजारात त्यांना सगळे तरुणपणापासूनच काटेवाले बाबा म्हणत, कारण बोलणं असं संथ, की ऐकणाऱ्याला ते जन्मतःच म्हातारे वाटावेत. त्या दिवशी बंद पडलेल्या एका गोदामातला मोठा काटा त्यांनी विकत घेतला होता. पोती तोलायचा, जमिनीलगतचा काटा. वर माणूस ऐसपैस उभा राहील एवढी जाड लोखंडी प्लेट, आणि खाली चार कोपऱ्यांना चार पाय. हातगाडीवरून आणला, चौघांनी दम खात उतरवला आणि खिडकीपाशी ठेवला. मग बाबा आणि त्यांची बायको आतल्या खोलीत जेवायला बसले. बाहेर दुपार पेंगत होती.

टक्. टक्.

"गिऱ्हाईक आलं वाटतं," बायको म्हणाली.

बाबा उष्ट्या हाताने उठून बघून आले. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"कोणी नाही गं. लोखंड आहे ते. उन्हातून आणलं, आता गार होतंय."

"गार होतंय, की कोणी उतरतंय?"

"कोण उतरणार?"

"मला काय विचारता? काटेवाले तुम्ही!" असं म्हणून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि बाबांना पाणी आणायला पुन्हा उठावं लागलं.

त्या घराची रीतच तशी होती. कशाचंही हसू व्हायचं. पुढे तो आवाज अधूनमधून यायचा, आणि दोघांपैकी कोणीतरी म्हणायचं, "गार झालं बरं का." इतकंच. मग तो कानाला सवयीचा झाला.

२

आता दुकान लेकीचं होतं. बाबा रोज येऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसत. कोणी विचारलं, तर "देखरेख करतो" म्हणत.

लेकीने काट्याचं रूप पालटून टाकलं होतं. वरचा गोल डायल गेला होता. प्लेटखाली चारही कोपऱ्यांत तिने वजन ओळखणारे सेन्सर बसवले होते, आणि तिथून निघालेली वायर तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जात होती. आकडा आता पडद्यावर उमटायचा. पण काटा बोलतो ते कॉम्प्युटरला आपलं आपण समजत नाही. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

"म्हणजे दुभाष्या," बाबांनी पहिल्याच दिवशी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"काटेवाले, ड्रायव्हर ठेवलात म्हणे?" समोरच्या टपरीतला किल्लीवाला ओरडला होता. "गाडी कधी घेताय?"

ड्रायव्हर लेकीने कॉलेजात असताना लिहिला होता. पण तो कसा वापरायचा याचं माहितीपत्रक लिहिलं होतं तिच्या आईने. आईला टायपिंग यायचं. दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर ठेवून ती समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं लिहायची. ‘वायर ओढू नये, तो बकरीचा कान नव्हे.’ ‘आकडा चुकला, तर आधी आपलाच पाय प्लेटवर नाही ना हे बघावे. बहुतेक वेळा असतो.’ गिऱ्हाइकं ते पत्रक वाचून हसायची आणि सांभाळून ठेवायची.

आई जाऊन काही वर्षं झाली होती. आणि आता पार्सल पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला हा ड्रायव्हर आपल्या सगळ्या शाखांसाठी हवा होता. अट एकच. माहितीपत्रक नीट दुरुस्त करून द्या, आजच्या ड्रायव्हरशी जुळवून द्या, आणि प्रत्येक सूचनेपुढे तिचं कारण लिहा. ज्याला कारण नाही, ते वाक्य काढा.

लेक त्याच्या मागे लागली होती. बकरीचा कान गेला. आपलाच पाय गेला. त्या जागी सरळ, इस्त्री केलेली वाक्यं आली. बाबा स्टुलावरून बघत बसायचे. एकेक वाक्य जाताना ते नुसते मांडीवरचा हात उलटा करत, मग पुन्हा सुलटा करत.

शेवटी आईचं असं एकच उरलं.

‘चालू केल्यावर लगेच वजन ठेवू नये. आधी काटा रिकामा होऊ द्यावा.’

३

"बाबा, मला सांगा," लेक खुर्ची त्यांच्याकडे फिरवून म्हणाली, "काट्यावर काही ठेवलेलंच नाही. मग रिकामा काटा आणखी रिकामा कसा होणार?"

बाबांनी विचार केला. त्यांचा विचार होईपर्यंत लेकीचा चहा पिऊन झाला.

"तिने लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल."

"तेच तर. ड्रायव्हरमध्येही या जागी थांबा आहे. चालू केला, की तो थोडा वेळ आकडा दाखवतच नाही, गप्प बसतो. मी लिहीत होते तेव्हा आई मागे उभी होती. म्हणाली, ‘इथे जरा थांबव गं त्याला.’ मी थांबवला. का ते विचारलंच नाही."

"आईला कुठे कारण विचारायचं?"

"ते तुम्ही कंपनीच्या तपासनीस बाईंना सांगा! फोनवर म्हणतात, हे यंत्र सुरू झाल्यावर जांभया देतं का? उद्या दुपारी येतायत त्या." लेकीने बोट त्या वाक्यावर ठेवलं. "हे काढते मी."

"राहू दे ना," बाबा म्हणाले. "एवढं एक."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. एरवी तिला सगळ्याची घाई. पण बाबांनी आयुष्यात काही मागितल्याचं तिला फारसं आठवत नव्हतं.

"कारण शोधून द्या," ती मऊ आवाजात म्हणाली. "एक कारण. ठेवते मी. शप्पथ."

"शोधतो."

"आधी थांबा काढल्यावर काय होतं ते तरी बघू." तिने ड्रायव्हरमधल्या त्या दोन ओळी पुसल्या आणि काटा चालू केला.

पडद्यावर लगेच आकडा आला. पन्नास किलोच्या आसपास.

प्लेटवर काहीही नव्हतं. खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन होता फक्त.

मग आकडा निम्म्यावर आला. टक्. मग शून्यावर. टक्.

"कचरा आकडा," लेक म्हणाली. "सुरू होताना येतो असा कधीकधी."

"झालं की मग! हेच कारण."

"कचऱ्यालाही कारण लागतं, बाबा. आणि ते मला उद्या दुपारपर्यंत हवंय."

४

बाबा कामाला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातात पाना आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती.

प्लेटखाली उंदीर असेल म्हणून त्यांनी प्लेट उचलून धरायला किल्लीवाल्याला बोलावलं. "काटेवाले, पन्नास किलोचा उंदीर सापडला तर मला आधी सांगा, मी गाव सोडतो," तो म्हणाला. उंदीर नव्हता. ओल असेल, म्हणून त्यांनी सेन्सर सुक्या फडक्याने पुसले. रस्त्यावरच्या ट्रकने जमीन हादरत असेल, म्हणून एकही गाडी नसताना चालू करून पाहिला. वायर बदलली. दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगला जोडून पाहिली.

दर वेळी तेच. आकडा यायचा, आणि मग दोन टप्प्यांत उतरायचा. टक्. टक्.

फरक एवढाच, की दर वेळी तो उतरायला आधीपेक्षा वेळ लावत होता. जणू एखाद्याला पुन्हा पुन्हा हाक मारून उठवावं, आणि त्याने शेवटी वैतागून बसकण मारावी.

संध्याकाळ व्हायच्या आधी आणखी एकदा चालू केला, तर आकडा उतरलाच नाही.

बाबा पडद्यापाशी आले. लेकही पुढे वाकली. वजनाच्या धंद्यात असलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पोतं ठेवलं, की आकडा जरासा डुलतो आणि मग गप्प होतो. दगड ठेवा, पेटी ठेवा, तसंच. माणूस उभा राहिला, की शेवटचा आकडा काही केल्या ठरत नाही. श्वास असतो, गुडघे असतात, माणूस या पायावरून त्या पायावर भार देत असतो. बाबा त्याला जितं वजन म्हणायचे. लेकीला तो शब्द लहानपणापासून ठाऊक होता.

पडद्यावरचा शेवटचा आकडा ठरत नव्हता. जरा वर, जरा खाली. पुन्हा जरा वर.

दोघांनीही ते पाहिलं.

"सेन्सर तापला असेल," बाबा म्हणाले.

"असेल," लेक म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नवी केबल आणायला गेली. बाबांनी काटा चालू केला. आकडा आला आणि राहिला.

ते स्टूल घेऊन प्लेटजवळ बसले. दुकानात शांतता होती. समोर किल्लीवाल्याची कानस कुरकुरत होती, तेवढीच. त्यांना भीती वाटत नव्हती. उलट, रात्रभर मनात जे आलं होतं त्याने त्यांचा जीव हलका झाला होता. बायको रोज दुपारी आतून यायची, तेव्हा आधी या प्लेटवर चढायची. "बघा, आणखी बारीक झाले," म्हणायची. डायल बाबांच्या बाजूला असायचा, पण त्यांनी कधी खरा आकडा सांगितला नाही. तिनेही कधी विचारला नाही. चाळीस वर्षांचा संसार असाच झाला होता.

"अगं," बाबा हळूच म्हणाले, "तूच आहेस ना?"

शेवटचा आकडा हलत राहिला.

"मला वाटलंच. तुझं वाक्य काढतेय ना पोरगी, म्हणून आलीस." त्यांना हसू आलं. "वजन मात्र कमी केलंस हं. आता खरंच बारीक झालीस."

त्यांनी आत जाऊन चहा केला. दोन कप आणले. एक स्वतः घेतला, एक प्लेटच्या कडेशी जमिनीवर ठेवला.

लेक परत आली तेव्हा तिने तो कप पाहिला. काही न विचारता ती बाबांच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि तिने डोकं त्यांच्या गुडघ्याला लावलं.

"मलाही तसंच वाटलं होतं काल," ती म्हणाली.

"मग! कारण मिळालं. आता तुझ्या बाईंना पटेल असं तू घाल शब्दांत."

लेकीने गुडघ्यावरचं डोकं उचललं.

"बाबा, ते वाक्य आईनेच लिहिलंय ना?"

"हो."

"ती असताना."

"हो, मग?"

"आणि ड्रायव्हरला थांबव म्हणाली, तेव्हा ती माझ्या मागे उभी होती. जमिनीवर." लेकीने प्लेटकडे पाहिलं. "मग तेव्हा तिथे कोण होतं?"

बाबांच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. जेवताना ऐकलेला तो पहिला आवाज त्यांना आठवला. आणि आठवलं, की ठसका लागेपर्यंत हसल्यानंतर बायको पाणी प्यायली होती, आणि मग बाहेरच्या खोलीकडे बघत जरा वेळ तशीच बसली होती.

जमिनीवरच्या चहावर साय धरली होती. तो कप बाबांनी उचलला नाही.

६

"आता रडायचं नाही आणि घाबरायचंही नाही," लेक उठून म्हणाली. "दोन्हीला वेळ नाही. बाई दुपारी येतील. मी नीट बघते."

तिने पडद्यावर प्लेटचे चारही कोपरे वेगवेगळे दाखवायला लावले. असं करता येतं. कुठल्या पायावर किती भार आहे, ते कळतं. चार चौकोन उमटले.

खिडकीकडचे दोन कोपरे जवळजवळ मोकळे होते. सगळा भार टेबलाकडच्या दोन कोपऱ्यांवर होता.

"माझ्या बाजूला," लेक म्हणाली.

"जमीन उतरती असेल."

"तुम्हीच लेव्हल लावून बसवलाय ना?"

"हो खरं."

लेक हसली. "थांबा हं, गंमत करते." तिने खुर्ची ढकलत ढकलत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. पडद्यावरचे आकडे सरकले. एका कोपऱ्यातून दुसऱ्यात, पाणी ताटात कललं तर सरकावं तसे. ती परत आली. तेही परत आले.

"बाबा, हे माझ्या खांद्यावरून वाचतंय की काय?"

"तुझी शाळेतली वही तरी कुणी वाचली होती का?" बाबा म्हणाले. विनोद जरा उशिरा आला, पण आला. लेक खळखळून हसली. हवं होतं त्याहून जरा मोठ्याने.

मग तिने माहितीपत्रक उघडलं आणि ते वाक्य निवडलं. ते निळं झालं. एक कळ दाबली, की पुसलं जाणार.

टेबलाजवळचा एकच कोपरा भरला. सगळा भार त्या एका पायावर आला. कोणी टाचा उंचावून, पार कडेला येऊन, वाकून बघावं तसा.

लेकीने कळीवरचं बोट उचललं. खुर्ची तिच्या नकळत चार बोटं मागे गेली होती. मान वळवायची नाही, एवढं तिने ठरवलं आणि ते पाळलं. हात लांब करून तिने काटा बंद केला. चौकोन विझले.

"बंद केला म्हणजे गेलं, असं नाही ना, बाबा?"

बाबांना खोटं बोलता यायचं नाही. बायकोच्या वजनाबद्दल सोडून.

"नाही गं. बंद केला म्हणजे आपल्याला दिसत नाही, एवढंच."

७

तपासनीस बाई सांगितल्या वेळेला आल्या. उंच, टापटीप, बोलायला तोफ. खांद्यावर चामड्याची बॅग. आल्या आल्या त्यांनी बाबांना नमस्कार केला, दुकानाचं कौतुक केलं, कंपनीतल्या लिफ्टला नावं ठेवली, पाणी मागितलं आणि पेला हातात घेऊन पत्रक वाचायला सुरुवात केली. वाचता वाचताही बोलत होत्या.

"छान. हे छान. हे उत्तम केलंत. वायरचं कारण पटलं. हे… हे काय अजून? ‘आधी काटा रिकामा होऊ द्यावा’? आणि पुढे कारणाची जागा कोरी!"

"ते आमच्या आईचं आहे," लेक म्हणाली.

"असेल हो. आमची आईसुद्धा पुष्कळ सांगायची. पण कंपनीत नव्वद माणसं हे वाचणार. रिकामी गोष्ट रिकामी होऊ द्या म्हटलं, तर मला वेड्यात काढतील. थांबा काढलाय ना ड्रायव्हरमधून? मग वाक्यही जाऊ दे. चला, चालू करा."

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले होते.

काटा चालू झाला. चार चौकोन उमटले, आणि त्यांत तो आकडा.

"शून्य करून घ्या आधी," बाई म्हणाल्या. "काही राहिलंय का वर?" त्यांनी मान वळवून प्लेटकडे पाहिलं. उन्हाचा चौकोन. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "असं कसं? म्हणजे तुमचा सेन्सरच…"

पडद्यावरचा भार सरकला. टेबलाकडून निघाला आणि सावकाश, एक एक पाय टाकत, बाईंच्या बाजूच्या कोपऱ्यात येऊन थांबला. शेवटचा आकडा जरा वर झाला. जरा खाली. पुन्हा जरा वर.

बाईंचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं.

समोर किल्लीवाल्याची कानसही नेमकी तेव्हाच थांबली होती. दुकानात इतकं शांत झालं, की प्लेटमधून येणारी बारीकशी करकर ऐकू यायला लागली. नव्या चपलेची येते तशी.

"बाई," बाबा म्हणाले, "जरा थांबू या."

ते प्लेटजवळ गेले. आवाज नेहमीसारखाच होता. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी ते ज्या आवाजात बोलायचे, तो.

"आमची पोरगी घाईची आहे," ते प्लेटवरच्या उन्हाला म्हणाले. "मनाने वाईट नाही. तुम्हाला उतरायला वेळ मिळायला हवा, हे तिला ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं, तिने लिहून ठेवलंय. ते वाक्य राहील. आता काही घाई नाही. पाय जपून."

कोणीच हललं नाही. लेकीने श्वास धरून ठेवला होता. बाबांना बायकोची फार आठवण आली. ती असती तर या घटकेलाही काहीतरी बोलून गेली असती आणि सगळ्यांना हसू आलं असतं. इतकी वर्षं हे ती एकटीच ओळखून होती, आणि घराला नुसतं हसवत राहिली.

टक्.

आकडा निम्म्यावर आला.

बराच वेळ गेला.

टक्.

शून्य. चारही चौकोनांत स्वच्छ शून्य, आणि शेवटचा आकडा मुळीच हलत नव्हता.

लेकीने श्वास सोडला. मग तिने दुकानात चार पार्सलं पडली होती त्यांतलं एक उचलून प्लेटवर ठेवलं. आकडा बरोब्बर आला. खोक्यावर लिहिला होता तोच.

बाईंनी पेला टेबलावर ठेवला. पेन उघडलं. त्या वाक्यापुढे कारणाची कोरी जागा होती, तिच्यावर पेन थोडा वेळ तरंगलं आणि पुढे गेलं. जागा कोरीच राहिली. त्यांनी वाक्यापुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली, आणि पत्रक दोन्ही हातांनी बाबांकडे दिलं.

"चहा घेऊन जा ना," लेक म्हणाली. तिचा आवाज पुन्हा ठिकाणावर आला होता. "बाबा मस्त करतात."

बाईंनी बॅग खांद्याला लावली आणि त्या दाराकडे वळल्या. उंबऱ्याशी पोचल्या, आणि तिथे थबकल्या. मग बॅग छातीशी धरून एका बाजूला सरकल्या, चौकटीला पाठ टेकून. आपल्याआधी कोणाला जाऊ द्यायचं असलं, की सरकतो तशा.

क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्यांची नजर उंबऱ्यावरून रस्त्यावर उतरली आणि काही पावलं कोणाच्या तरी मागोमाग गेली.

मग त्याही निघाल्या. विरुद्ध बाजूने, एक अक्षरही न बोलता.